तलंगांचे नखरे आणि आजींचे ताट

गेल्या आषाढातली गोष्ट. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी नेहमीप्रमाणे रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्यात आल्या. रक्तदाब ठीक होता, पण वजनकाट्याने मला थबकवले. चैत्रात ४७ किलो भरलेले वजन ४३ वर आले होते. तीन महिन्यांत चार किलोंची घट उतारवयात कधीही सोडून देऊ नये. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे असे सर्व तपासून झाले. कशातही दोष आढळला नाही. भूक लागते, झोप लागते, कवळी नीट बसते, असेच प्रत्येक प्रश्नाला उत्तर. शेवटी सोबत आलेल्या सूनबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, आईंच्या ताटातलं निम्मं परसदारी जातं. कोंबड्या खात नाहीत ना, म्हणून."

आजींनी मान खाली घातली. मग हळूहळू सारे बाहेर आले. वैशाखाच्या सुरुवातीला मुलाने त्यांना सहा तलंगा आणून दिल्या होत्या. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. दिवसभर घरी एकट्याच असणाऱ्या आईला विरंगुळा व्हावा आणि घरची अंडी मिळावीत, हा मुलाचा हेतू. पण नव्या जागी आलेल्या तलंगा कणी-कोंड्याकडे ढुंकूनही पाहीनात. विकत आणलेले खाद्य चोचीने उधळून देत. आजींनी एकदा दुधात कुस्करलेली पोळी घातली, ती मात्र चट्टामट्टा झाली. दुसऱ्या दिवशी भिजवलेले शेंगदाणे, तिसऱ्या दिवशी उकडलेले अंडे. होता होता आजींच्या वाटणीचे अंडे, दूध आणि दाणे रोज खुराड्याकडे जाऊ लागले. "मुके जीव उपाशी असताना माझ्या घशाखाली घास उतरत नाही, डॉक्टर," असे त्या म्हणाल्या. आता यावर औषध कोणते लिहायचे?

अनेक घरांत आज परसातल्या कोंबड्या वडीलधाऱ्यांच्या हाती असतात. त्या सांभाळण्यात हालचाल आहे, वेळेचे बंधन आहे, कुणीतरी आपली वाट पाहते हा दिलासा आहे. म्हणून "कोंबड्या विकून टाका" असे सांगण्याऐवजी तलंगा का खात नाहीत, हेच आधी शोधावे असे मला वाटले. मी माणसांचा डॉक्टर. त्यामुळे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना गाठून शंका विचारल्या. त्यातून उमगलेले आणि लहानपणी घरच्या खुराड्याशी पाहिलेले, असे दोन्ही आज तुमच्यापुढे ठेवतो.

चोच कशी निवडते?

कोंबडीला चव कळते, पण तिच्या तोंडातील चवीच्या कळ्या माणसाच्या मानाने फारच थोड्या. मिरचीचा तिखटपणा तर पक्ष्यांना झोंबतच नाही. कोंबडी अन्न निवडते ते मुख्यतः डोळ्यांनी आणि चोचीच्या स्पर्शाने. दाणा केवढा, कसा दिसतो, चोचीत धरता येतो का, हे ती पाहते. म्हणूनच भरड्यातील मक्याचे मोठे तुकडे ती वेचून खाते आणि तळाची पूड तशीच ठेवते. आपल्याला वाटते, खाद्य आवडले नाही. वास्तविक त्या पुडीतच बहुतेक वेळा प्रथिने, क्षार आणि जीवनसत्त्वे असतात.

दुसरी गोष्ट शिकण्याची. आईबरोबर वाढणाऱ्या पिलाला काय खावे हे आई शिकवते. ती कुककुक करत दाणा उचलते, पुन्हा टाकते, आणि पिले धावून तो टिपतात. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जातींची पिले बहुधा यंत्रात उबवलेली असतात. त्यांना आई भेटलेलीच नसते. ज्या भांड्यातून जे खाद्य त्यांनी पहिल्या आठवड्यांत खाल्ले, तेवढेच त्यांच्या लेखी अन्न. अशा तलंगेपुढे एकदम कणी टाकली, तर ती खाण्याची वस्तू आहे हेच तिला उमगत नाही. तो हट्ट नसतो, अनोळखीपणा असतो.

नखरा म्हणण्यापूर्वी

तलंग कमी खाते असे दिसले, तर पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली पाण्याची. कोंबडी जेवढे खाद्य खाते, त्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. पाणी तापलेले, घाण झालेले किंवा भांडे उंच असेल, तर ती पाणी कमी पिते आणि मग खातेही कमी. भांडे सावलीत, तिच्या पाठीच्या उंचीवर ठेवावे आणि पाणी दिवसातून दोनदा बदलावे.

दुसरी उष्म्याची. कोंबडीला घाम येत नाही. पारा तिशीच्या पुष्कळ वर गेला की ती चोच उघडी टाकून धापते आणि खाणे कमी करते. आजींच्या तलंगा ऐन वैशाखात आल्या होत्या, हे येथे लक्षात घ्या. अशा दिवसांत मुख्य खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्यावे.

तिसरी आपसांतील दरडावणीची. कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते. थॉर्लीफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९२० च्या सुमारास ती प्रथम नीट मांडली. भांडे एकच असेल, तर तळाची तलंग भुकेलीच दूर उभी राहते आणि आपण तिला नखरेल ठरवतो. उपाय सोपा आहे. एकमेकांपासून पाच-सहा पावलांवर दोन भांडी ठेवावीत.

चौथी पोट आधीच भरलेले असण्याची. परसात हिंडणारी कोंबडी किडे, वाळवी, कोवळे गवत, सांडलेले दाणे टिपत असते. गळ्याच्या तळाशी, छातीवर, तिची अन्नपिशवी असते. संध्याकाळी खुराड्यात घेताना तेथे हलकेच बोटे लावून पाहावीत. पिशवी भरलेली लागली, तर ती उपाशी नाही. सकाळी ही पिशवी रिकामी असली पाहिजे. सकाळीही ती फुगलेली, टणक किंवा लिबलिबीत लागली, तर अन्न अडकले आहे असे समजून पशुवैद्यांना दाखवावे.

पाचवी आजाराची. पिसे फुलवून कोपऱ्यात बसणे, डोळे मिटणे, तुरा फिकट किंवा निळसर पडणे, विष्ठेत रक्त येणे, मान वाकडी होणे, श्वासाला घरघर असणे, यांतील एकही लक्षण दिसले तर खाद्य बदलत बसू नये. लहान पक्ष्यांना रक्ती हगवण लवकर जडते आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत, सारे खुराडे रिकामे करते. मानमोडीवर लस आहे आणि ती वेळापत्रकाप्रमाणे टोचून घेतलीच पाहिजे. एखाद्या तलंगेने पूर्ण दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

काय, किती आणि कसे

पहिल्या आठ आठवड्यांत पिलांच्या खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने लागतात. त्यानंतर अंड्यावर येईपर्यंत १६ टक्क्यांच्या आसपास पुरतात. तांदळाच्या कणीत ही मात्रा जेमतेम सात-आठ टक्के असते. केवळ कणीवर वाढवलेली तलंग पोटभर खाऊनही खुरटते, ती याचमुळे. तीन-चार महिन्यांच्या तलंगेला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम खाद्य लागते. बाहेर चांगले चरायला मिळत असेल, तर काहीसे कमी. त्याचा मुख्य भाग वाढीच्या वयाचे तयार खाद्य, म्हणजे ग्रोअर मॅश, असावा. जोडीला शेवग्याचा पाला, लसूणघास किंवा पालक बारीक चिरून द्यावा.

येथे एक चूक फार होते. अंडी लवकर सुरू व्हावीत म्हणून तरण्या पक्ष्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य घातले जाते. त्यात कवचासाठी चुना, म्हणजे कॅल्शियम, तिप्पट किंवा त्याहूनही अधिक असते. वाढत्या तलंगेची मूत्रपिंडे ते पेलू शकत नाहीत आणि कायमची बिघडतात. ते खाद्य पहिले अंडे दृष्टिपथात आल्यावरच सुरू करावे.

कोंबडीला दात नसतात. तिच्या पोटातील जाड स्नायूंची पिशवी खड्यांच्या साहाय्याने दाणे दळते. कायम कोंडलेल्या किंवा फरशीवर ठेवलेल्या पक्ष्यांना खडे मिळत नाहीत. भरडे धान्य खाणाऱ्या अशा तलंगांसाठी धुतलेल्या जाड वाळूची एक वाटी बाजूला ठेवावी.

आता सवय कशी बदलावी ते पाहू. लाडाचे खाणे एका दिवसात बंद करू नये. आवडीचे तीन भाग आणि नवे खाद्य एक भाग असे मिसळून सुरुवात करावी, आणि आठ-दहा दिवसांत हे प्रमाण उलटे करत न्यावे. पूड मागे राहत असेल, तर खाद्यावर थोडे पाणी शिंपडावे. मुठीत दाबले की गोळा व्हावा आणि सोडले की सुटावा, इतकेच ओले. हे ओले खाद्य तासाभरात उचलून भांडे धुऊन टाकावे, कारण दमट हवेत ते लगेच आंबते. मुख्य खाद्य सकाळी, रात्रभरच्या उपासानंतर पोट रिकामे असते तेव्हा, आणि लाडाचा घास संध्याकाळी, खुराड्यात बोलावताना द्यावा. हा घास दिवसभराच्या खाण्याच्या एक दशांशापेक्षा अधिक नसावा.

आणखी एक युक्ती आहे. ती आमच्या घरी आजी करत असे, आणि या आजींनाही मी तीच सांगितली. भांड्याशेजारी बसून बोटाच्या टोकाने खाद्यावर टकटक करावी, दोन दाणे उचलून पुन्हा टाकावेत. पिलाला ही आईची चोच वाटते. तरण्या पक्ष्यांतही एकाने टिपायला सुरुवात केली की बाकीच्या धावतात. कोंबडी एकटी असताना जेवढे खाते, त्याहून सोबतीत अधिक खाते.

जे घालू नये

उरलेले अन्न टाकायला जीव होत नाही, हे मी समजू शकतो. पण लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ पक्ष्यांना बाधते. खारवलेली सुकी मासळी द्यायचीच तर धुऊन आणि अगदी थोडी द्यावी. दूध त्यांना नीट पचत नाही, त्याने पातळ विष्ठा होते. कच्चा राजमा आणि हिरवट पडलेल्या बटाट्याच्या साली टाळाव्यात.

सर्वांत मोठा धोका बुरशीचा. पावसाळ्यात सादळलेला मका, शेंगदाणे, पेंड यांवर जी बुरशी धरते, तिच्यापैकी काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक विष तयार करतात. १९६० साली इंग्लंडमध्ये अशी शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. १९७४ मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. धुऊन, वाळवून किंवा शिजवून हे विष जात नाही. म्हणून "आपल्याला नको, कोंबड्यांना चालेल" हा विचार सोडावा. वास बदललेले खाद्य तलंग नाकारत असेल, तर त्या वेळी तिचेच बरोबर असते! खाद्य एका वेळी दोन-तीन आठवड्यांपुरतेच आणावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावे.

सांभाळणाऱ्याने स्वतःला सांभाळावे

दिसायला ठणठणीत कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जंतू असू शकतात. साठीपुढच्या माणसांना आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांची हगवण जड जाते. खुराड्याला किंवा पक्ष्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. खाद्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत आणू नयेत आणि परसासाठी वेगळी चप्पल ठेवावी. वृद्धांनी अंडे बलक घट्ट होईपर्यंत शिजवून खावे. दमा असलेल्यांनी, तसेच डायलिसिसवर किंवा कर्करोगाच्या उपचारांवर असलेल्यांनी खुराडे झाडण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाकून एकदम उठताना भोवळ येऊ शकते. पावसाळ्यात परसातील दगडांवर शेवाळ असते. कोंबड्यांमागे जाताना घसरून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. खाद्याची भांडी पायरीजवळ ठेवावीत, बसायला स्टूल असावे आणि पक्ष्यांच्या मागे धावू नये. लाडाच्या घासाची सवय लावली, की त्या हाकेसरशी आपणहून खुराड्यात येतात.

एकाएकी अनेक पक्षी मेले, तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. पक्ष्यांतील बर्ड फ्लू भारतात प्रथम आढळला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. तो धोका विसरण्याजोगा नाही.

पुन्हा आजींच्या ताटाकडे

आजींच्या सहा तलंगांत आजारी कुणीच नव्हती. भांडे एकच होते, पाणी उन्हात होते आणि पोळी-दाण्यांची चटक लागली होती. दुसरे भांडे आले, पाणी सावलीत गेले, खाद्य हळूहळू बदलले. पंधरवड्यात तलंगा मुकाट्याने ग्रोअर मॅश टिपू लागल्या.

पण मला खरी काळजी होती ती आजींची. त्यांना मी एवढेच म्हटले, "आजी, गोग्रास म्हणून आपण एक घास काढून ठेवतो. निम्मे ताट नाही." ४३ किलो वजनाच्या माणसाला रोज निदान ३६ ग्रॅम प्रथिने हवीत, आणि उतारवयात त्याहून थोडी अधिकच बरी. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात. अंडे, दूध आणि दाणे तिघेही परसदारी गेल्यावर आजींच्या ताटात उरत होता तो भात आणि पातळ आमटी.

मग मला आणखी एक गोष्ट जाणवली. आजी दुपारी एकट्याच जेवत. पुढ्यात ताट घेऊन गप्प बसण्यापेक्षा तलंगांना भरवणे त्यांना अधिक आवडत होते, कारण तेथे सोबत होती. सूनबाईंनी यावर छान तोड काढली. दुपारी एक वाजता आजींचे ताट मागच्या पडवीत मांडले जाते. तलंगांना त्याच वेळी पाला मिळतो. आजी आधी आपले ताट संपवतात, हात धुतात, आणि मगच शेवटचा एक घास अंगणात जातो. सूनबाईही कामावरून त्या सुमारास फोन करतात.

भाद्रपदात आजींचे वजन ४५ किलो भरले. आश्विनात पहिले अंडे मिळाले. ते त्यांनी नातवाला दिले आणि दुसरे स्वतः खाल्ले, असे त्यांनी मला मुद्दाम सांगितले.

वाचकहो, घरातील वडीलधारे माणूस जेवत नाही, तेव्हा "हट्टीपणा करतात" असे म्हणण्याची घाई आपण फार करतो. तलंगेसाठी जे प्रश्न विचारले, तेच त्यांच्यासाठीही विचारून पाहा. पाणी पुरेसे पितात का? घास चावता येतो का? उकाड्याने जीव नकोसा झाला आहे का? काही दुखते आहे का? एखादे नवे औषध सुरू झाले आहे का? जेवताना शेजारी कुणी असते का? आणि तीन महिन्यांत वजन दोन किलोंहून अधिक उतरले असेल, तर मात्र तर्क करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. येताना एक गोष्ट जरूर सांगा. त्यांच्या ताटात काय वाढले होते ते तर सांगाच, पण त्यातले खरोखर त्यांच्या पोटात किती गेले, हेही सांगा.